जुनी गाडी घेताना दुसरी चाबी आधी मागा



या पानावर मी एरवी बेण्याची निवड, खोडव्यातील पाचट आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय निराळा आहे. आपल्या उमरखेड, महागाव, पुसद भागात उसाचे बिल हाती आले की जुनी चारचाकी घेणारे सभासद आता गावोगाव दिसतात. मीही त्यांतलाच एक. गाडी घेताना माझ्या हातून जी चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

तीन वर्षांपूर्वी मी एक वापरलेली छोटी मोटार घेतली. टायर पाहिले, इंजिनचा आवाज ऐकला, खाली वाकून गंज पाहिला. विकणाऱ्याने चाबी मात्र एकच दिली. "दुसरी घरी आहे, पाठवून देतो," म्हणाला. मीही भिडेखातर "सवडीने द्या" म्हणालो. ती चाबी आजपर्यंत आलेली नाही.

पुढच्या हंगामात, जानेवारी महिन्यात, पैनगंगेकाठच्या एका शिवारात उसाची पक्वता पाहावयास गेलो. गाडी बांधावर लावली आणि ब्रिक्स पाहण्याचे यंत्र घेऊन फडात शिरलो. पाच-सहा ठिकाणचे ऊस तपासून बाहेर येतो तो वरच्या खिशात चाबी नाही! वाकताना कुठेतरी पाचटात पडली असावी. शोधाशोध चालू असतानाच शेजारच्या फडातून टोळीचा मुकादम धावत आला.

"साहेब, गाडी काढा लवकर. बाईच्या पायाला कोयता लागला, रक्त थांबून नाही राहिलं!"

गाडी समोर उभी आणि चाबी नाही. पायाला लुगड्याचे फडके घट्ट बांधले. मोटारसायकलवर तिला बसवेना. शेवटी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली सोडली आणि त्यावरून तिला दवाखान्यात नेले. यात पाऊण तास गेला. टाके पडले, बाई बरी झाली; पण ऐन हंगामात तिची मजुरी बुडाली. मुकादम मला एका शब्दानेही बोलला नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पंधरा माणसांनी फड पालथा घातला, तरी चाबी मिळाली नाही. मग गावातून चाबीवाला आणला. त्याने कुलपावरून नवे पाते कापले. दार उघडले, स्टिअरिंगही सुटले. इंजिन मात्र क्षणभर धरायचे आणि बंद पडायचे. समोर चाबीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲम्बेसेडर, पद्मिनी या जुन्या गाड्यांची चाबी म्हणजे नुसते पोलाद. बाजारात तसेच दुसरे पाते कापून घेतले की काम भागे. पुढे गाडीचोरांना आळा घालण्यासाठी चाबीच्या मुठीत एक बारीक चिप बसविण्यात आली. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीची झाली. कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. चाबी घातली की चिप आपला क्रमांक सांगते आणि गाडीतला संगणक तो आपल्या यादीशी ताडून पाहतो. यादीत क्रमांक नसेल, तर पाते कितीही तंतोतंत असो, इंजिन चालत नाही. आपल्याकडे ऊस उभा असला तरी नोंद नसेल तर तोड मिळत नाही, तसाच हा प्रकार.

गाडी ट्रॅक्टरने ओढून शहरात नेली. चाबी चासी क्रमांकावरून मागवावी लागली. ती येईपर्यंत अकरा दिवस ऐन हंगामात मी मोटारसायकलवर फिरलो. मिस्त्री म्हणाला, "एक चाबी हातात असताना आला असता, तर निम्म्यात भागलं असतं भाऊ." जवळ चालू चाबी असली की दुसरीची नोंद सोपी; सगळ्या हरवल्या की काम वाढते आणि खर्चही वाढतो.

तरी सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. सौदा करताना दोन्ही चाब्या मागा. सोबत क्रमांकाचा लहान पत्रा किंवा कार्ड असेल तर तेही घ्या आणि घरी कागदपत्रांत ठेवा. दुसरी चाबी नसेल, तर तिचा खर्च किमतीतून वजा करा.

२. दुसरी चाबी कोणाकडे आहे याचा पत्ता नसेल, तर नवी करताना जुन्यांची नोंद पुसून घ्या. मग त्या चाबीने इंजिन चालणार नाही. मात्र तिच्या पात्याने दार उघडू शकते, म्हणून गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नका.

३. गाडी आपल्या नावावर करून घ्या. राज्यातल्या राज्यात खरेदी असेल, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. नमुना २९ व ३० त्यासाठीच आहेत. चाबी मागविताना नोंदणी पुस्तिका व ओळखपत्र विचारतात. विमाही नावावर करा; गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी बहुधा दोन्ही चाब्या मागते.

४. बटणाची चाबी चालेनाशी झाली की लगेच नवी घेऊ नका. आतला चपटा सेल संपलेला असू शकतो. बऱ्याच चाब्यांत सीआर २०३२ हा सेल असतो. जुना पाहून तसाच घ्या. पाते घालून चालणाऱ्या चाबीतील चिपला बहुधा सेल लागत नाही, त्यामुळे सेल संपला तरी पात्याने दार उघडून गाडी सुरू करता येते.

५. दुसरी चाबी गाडीत ठेवू नका. घरी ठेवा आणि कुठे ठेवली ते घरच्यांना सांगा. फडात जाताना चाबी दोरीने कमरेला बांधा.

माझी दुसरी चाबी आता गट कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते. मी फडात असलो आणि कोणाला दवाखान्याची निकड लागली, तर चिटबॉयला सांगून गाडी घेऊन जावी. मला विचारण्यासाठी थांबू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी