डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतायत? नवी बॅटरी घेण्याआधी या गोष्टी तपासा

रात्रीची वेळ, गाडीत घरची माणसं आणि पुढे घाट. अशात स्पीडोमीटरमागचा उजेड मंद होतो, पुन्हा वाढतो. हेडलाइटही तसेच कमी-जास्त होतात. गाडी नीट पळतेय म्हणून 'सकाळी बघू' असं म्हणत अनेक जण तसेच पुढे जातात. कधी ते निभावतं. कधी मात्र मध्येच इंजिन बंद पडतं आणि हॅझार्ड लाइट लावण्यापुरतीही वीज उरत नाही.

मग हे दिवे लुकलुकतात का? दर वेळी दोष बॅटरीचाच असतो का?

गाडीला वीज कोण देतं?

इंजिन बंद असताना आणि सेल्फ मारताना वीज बॅटरीतून येते. इंजिन सुरू झालं की हे काम अल्टरनेटरकडे जातं. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो, दिवे-एसी चालवतो आणि बॅटरीही चार्ज करतो. त्यातला रेग्युलेटर व्होल्टेज ठरावीक पातळीवर ठेवतो. या साखळीत कुठेही गडबड झाली की व्होल्टेज खाली-वर होतं आणि ते सगळ्यात आधी दिव्यांत दिसतं.

नेमकं कधी लुकलुकतं?

निम्मं निदान इथेच होतं.

- सेल्फ मारताना दिवे जवळपास विझतात, 'टक-टक' आवाज येतो: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
- रेस दिल्यावर उजेड वाढतो, सोडल्यावर घटतो: संशय अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा बेल्टवर.
- खड्ड्यात गाडी आदळली की दिवे चमकतात: बहुधा एखादं कनेक्शन सैल आहे.
- हेडलाइट स्थिर, फक्त मीटरचा उजेड हलतो: मीटरमागचं कनेक्टर किंवा उजेड कमी-जास्त करण्याचं बटण तपासावं.

काच वर करताना किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे क्षणभर किंचित मंद होणं मात्र नेहमीचं आहे.

घरी काय तपासता येईल?

इंजिन बंद करून बोनेट उघडा. टर्मिनल हाताने हलवून पाहा, ते जराही हलता कामा नये. त्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर वीज अडते. हातमोजे घालून आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह टर्मिनल काढा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा आणि कोरडं करा. जोडताना क्रम उलटा: आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची वायरही पाहा. ती गंजली किंवा सैल झाली तर नवी बॅटरी टाकूनही दिवे लुकलुकतच राहतात. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, तेही बघा.

पुढची पायरी मल्टीमीटरची. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. 12.2 म्हणजे ती निम्म्यापर्यंत उतरली आहे. इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत हा आकडा 13.8 ते 14.5 च्या आसपास असावा. तो 13 च्या खाली राहिला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीसह इतर पार्टही खराब होऊ शकतात. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

एक जुनी पद्धत मात्र टाळा. इंजिन सुरू असताना टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासल्यास व्होल्टेज एकदम उसळतं आणि कंट्रोल युनिट जळू शकतं.

नंतर बसवलेल्या वस्तू

जास्त वॅटचे हेडलाइट, अॅम्प्लिफायर, कॅमेरा यांसाठी मूळ वायर कापून जोड दिला असेल तर दोष तिथेही असू शकतो. दिवे कधीपासून लुकलुकतायत, हे आठवून पाहा. फ्यूज वारंवार जात असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज टाकू नका. वायर तापून आग लागू शकते.

रस्त्यात असाल तर?

लाल बॅटरीचा दिवा लागला तर गाडी आता साठवलेल्या विजेवर चालली आहे. एसी आणि म्युझिक बंद करा, पण रात्री हेडलाइट बंद करू नका. जवळच्या उजेडाच्या, सुरक्षित जागी थांबा. त्याआधी इंजिन बंद केल्यास ते पुन्हा सुरू होईलच असं नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असेल तर ते जड होऊ शकतं.

दोन वेळा मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. तापमानाचा काटा चढत असेल तेव्हा, कारण अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही चालतो. आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तेव्हा. तो दिव्यांचा दोष मानून पुढे गेल्यास इंजिन जाम होऊ शकतं.

गॅरेजमध्ये गेल्यावर थेट 'बॅटरी बदला' म्हणू नका. दिवे कधी आणि कसे लुकलुकतात ते सांगा आणि आधी चार्जिंग तपासायला लावा. अल्टरनेटर खराब असेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल, आणि पुढच्या घाटात पुन्हा तीच वेळ येईल.