गाण्याच्या हक्कांची वही कोणासाठी?

हिवरे बाजारमध्ये पावसाळा सरला की गावच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी राखतात, उरलेल्यावर पिके ठरतात. हिशेब सर्वांसमोर असल्याने एकट्याला तो गुपचूप फिरवता येत नाही. ब्लॉकचेन ही अशीच सर्वांसमोरची वही. फक्त तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात.

समजा, याच गावातल्या एका मुलीने गाणे लिहिले आणि मैत्रिणीने त्याला चाल लावली. अशी वही वापरून मनोरंजनाच्या हक्कांचा व्यवहार करणाऱ्या मंचावर सहसा गाणे साठवत नाहीत. त्याच्या फाइलवरून काढलेला गणिती ठसा, वेळ आणि दोघींचे वाटे तेवढे नोंदवतात. प्रत्येक नव्या नोंदींच्या गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा ठसा असतो. जुनी नोंद बदलली की पुढचे सारे ठसे चुकतात. परवान्याचे पैसे मंचावर आले, तर ठरल्या वाट्याने आपोआप वाटले जातात.

या मंचावरचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे या दोघी. दुसरा निर्माता: गाणे वापरायला परवानगी कोणाची आणि किंमत काय, हे त्याला एका जागी हवे असते. तिसरे रसिक: ते गाण्याचे टोकन, म्हणजे वहीत नोंदलेली, पुढे विकता येणारी डिजिटल पावती, घेऊन हातभार लावतात. १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, तेव्हा ब्लॉकचेन नव्हती, आपलेपणा होता. टोकन आज घेऊन उद्या चढ्या भावाने विकणारेही येतात. मंच त्यांच्या कलाने चालू लागला, की गाणे मागे पडते आणि भावच उरतो, असे मला ठामपणे वाटते.

रसिकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. टोकन विकत घेतले म्हणजे गाण्याचा कॉपीराइट मिळाला असे नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क सोपवायला सहीचा लेखी करार लागतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. टोकन विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोही सहसा लागू होतो.

मोठा धोका पहिल्या नोंदीत आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या कोणी स्वतःच्या नावावर चढवल्या, तर वही ते खोटेही तितक्याच इमानाने जपते. त्यामुळे लोकगीते घेणाऱ्या मंचाने नोंद पक्की करण्याआधी हरकतींसाठी मुदत ठेवावी, आणि हरकत मराठीत, साध्या फोनवरूनही घेता यावी.