गुगलला दिसते ते पान

दापोली तालुक्यात कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले या किनाऱ्यालगतच्या गावांत पाहुण्यांसाठी खोल्या देणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत. समजा, आंजर्ल्यातल्या अशा एका घराची वेबसाइट आहे. वर नारळी-पोफळींचा मोठा फोटो, त्यावर तिरक्या अक्षरांत घराचे नाव. खाली दरपत्रक: एसी खोली, साधी खोली, सुरमईचे ताट, आगाऊ सांगितल्यास उकडीचे मोदक. दिसायला सगळे छान, पण दरपत्रक म्हणजे छपाईवाल्याने करून दिलेले एक चित्र आहे. ब्राउझरच्या टॅबवर नाव दिसते ‘होम’. आणि मालकाची तक्रार अशी की, पैसे मोजून साइट केली, तरी ‘आंजर्ले घरगुती राहण्याची सोय’ असे शोधले तर आपण कुठेच नाही.

माणसाला दिसणारे पान वेगळे आणि शोधयंत्राच्या हाती लागणारे पान वेगळे. एसईओ, म्हणजे शोधयंत्रांत साइट वर आणण्याचे काम, या नावाखाली बाजारात जे काही विकले जाते, त्यातला खरोखर उपयोगाचा भाग या दोन पानांतले अंतर मिटवण्याचा आहे. बाकी बराचसा मसाला.

गुगलच्या चौकटीत शब्द टाकले की ते त्या क्षणी जगभरच्या साइट धुंडाळत सुटते, असा अनेकांचा समज असतो. धुंडाळणे आधीच उरकलेले असते. गुगलबॉट नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या लिंका धरून दुसऱ्या पानावर जातो, तिथला मजकूर उचलतो, पुन्हा पुढच्या लिंका धरतो. या मजकुराची एक उलटी सूची बनते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी ‘अमुक शब्द, पृष्ठे 12, 87, 203’ अशी सूची असते ना, तशीच. फक्त पृष्ठांच्या जागी वेबपाने. ‘आंजर्ले’ची एक यादी, ‘घरगुती’ची एक, ‘सोय’ची एक. तिन्ही याद्यांत जी पाने सापडतात, ती पहिल्या चाळणीतून पुढे सरकतात. आजची यंत्रणा याहून बरीच पुढे गेली आहे. ती समानार्थी शब्द ओळखते आणि 2019 पासून बर्ट या भाषा-प्रारूपाच्या मदतीने वाक्यातल्या शब्दांचा परस्परसंबंधही लावते. चित्रातली अक्षरे ओळखण्याचे तंत्रही आहे, पण त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. जे शब्द पानावर मजकूर म्हणून आहेत, त्यांचीच खात्री धरावी.

सगळ्या शब्दांना सारखे वजन मात्र नसते. 1972 साली केंब्रिजमधल्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक कल्पना मांडली: शब्द जितक्या कमी दस्तऐवजांत आढळतो, तितका तो शोधाला अधिक उपयोगी. हिशेब लॉगरिदमचा आहे. समजा, सूचीत 10 लाख पाने आहेत. ‘आहे’ हा शब्द सगळ्याच पानांवर असला तर 10 लाख भागिले 10 लाख म्हणजे 1, आणि 1 चा लॉग शून्य. ‘आंजर्ले’ 100 पानांवर असेल तर भागाकार 10 हजार, म्हणजे लॉग 4. शोधयंत्रे आज याहून गुंतागुंतीची सूत्रे वापरतात, पण हे तत्त्व त्यांत मुरलेले आहे. म्हणूनच ‘निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव’ या वाक्याने पदरात काही पडत नाही. कोकणातल्या ज्या त्या साइटवर ते असतेच. ‘आंजर्ल्यात, कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर, चार खोल्यांचे घर’ हे वाक्य रूक्ष वाटेल, पण कामाचे आहे.

मराठी पानांची अडचण आणखी वेगळी. आपण आंजर्ल्यात, आंजर्ल्याला, आंजर्ल्याहून असे बोलतो. माणसाला हे एकच गाव. शब्द अक्षरशः जुळवणाऱ्या यंत्राला ते चार निरनिराळे शब्द, मूळ ‘आंजर्ले’ धरून. प्रत्यय सोडवून मूळ शब्दापर्यंत पोचणारे प्रोग्राम आहेत, पण मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच बदलतो, त्यामुळे हे काम इंग्रजीपेक्षा किचकट आहे. उपाय सोपा: गावाचे नाव मूळ रूपात निदान पानाच्या शीर्षकात तरी असावे. बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीतच टाइप करून शोधतात, तेव्हा नाव एकदा तसेही लिहिले तर बिघडत नाही.

त्याहून खोलात एक गंमत आहे. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. काही कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या पोटातले आकडे वेगळे. मोठी शोधयंत्रे असले भेद बऱ्याच अंशी मिटवून घेतात. साइटच्या आतली छोटी शोधपेटी मात्र इथे हमखास अडखळू शकते.

आणि जुन्या फॉन्टचा मजकूर असेल तर बोलायलाच नको. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘कमल’ टाइप केले की साठवली जातात डी, ई, वाय ही तीन रोमन अक्षरे. कमळ फक्त पडद्यावर उमलते. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट अशाच स्वतःच्या फॉन्टवर चालत, आणि वाचकाला आधी तो फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो मजकूर युनिकोडमध्ये आणल्याखेरीज मराठी शब्द टाकून सापडायचा नाही.

जुळणारी पाने हजारो निघाली तर वर कोणाला ठेवायचे? 1990 च्या दशकातली शोधयंत्रे मुख्यतः पानावरच्या शब्दांवर भर देत, आणि लोकांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा; माणसाला दिसत नाही, यंत्र मोजते. 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी सुमारे 2 कोटी 40 लाख पानांवर चालणाऱ्या आपल्या गुगल या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. पान स्वतःबद्दल काय म्हणते याच्या जोडीला इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात का, हेही त्यांनी मोजले. शिवाय बोट दाखवणाऱ्याची पत किती, तेही.

हे पेजरँकचे गणित तीन पानांवर करून पाहता येते. गावाची माहिती देणारे पान क, त्यावर दोन लिंका: एक घराकडे, म्हणजे ख कडे, दुसरी पर्यटनाच्या पानाकडे, म्हणजे ग कडे. ख वरून एकच लिंक, ग कडे. ग वरून एक, परत क कडे. आता कोणी तरी लिंकांवर क्लिक करत कायम फिरत राहिला, तर कुठे किती वेळ असेल? ग ची सगळी पत क ला मिळते, म्हणून क आणि ग समान. क ची पत दोघांत वाटली जाते, म्हणून ख ला क च्या निम्मी. एकूण 1 धरले तर क 0.4, ख 0.2, ग 0.4. ख ने ग कडे लिंक दिली म्हणून त्याची पत लगेच खर्ची पडली असे नाही. त्याच्याकडे येणारी वाट एकच, आणि तीही अर्धी, हे त्याचे दुखणे. मूळ निबंधात या भटक्याला अधूनमधून कंटाळा येऊन तो कुठल्याही पानावर उडी मारतो असेही धरले होते, आणि लिंक धरून पुढे जाण्याचे प्रमाण साधारण 0.85 ठेवले होते.

मग लिंकांचाही बाजार भरला, आणि जुन्या लपवाछपवीच्या युक्त्याही सुरूच राहिल्या. 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गुगलने यादीतून काही काळ काढून टाकली, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरेच, असा प्रकार तिथे सापडला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीसाठी असंबद्ध साइटवरून पेरलेल्या हजारो लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या आणि गुगलने त्या साइटला खाली ढकलले. पुढच्या वर्षी पेंग्विन नावाचा बदल आला तो अशाच लिंकांच्या बंदोबस्तासाठी. कीवर्ड मेटा टॅगची, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपून राहणाऱ्या शोधशब्दांच्या यादीची, गोष्ट तर अजून मजेची: क्रम ठरवताना हा टॅग आपण विचारात घेत नाही, असे गुगलने 2009 मध्येच सांगितले, तरी आजही तो भरून देण्याचे पैसे कुठे कुठे लावले जातात.

आपल्या आंजर्ल्याच्या घराकडे येऊ. ‘होम’च्या जागी घराचे नाव, गाव, तालुका आणि काय मिळते ते लिहावे. दरपत्रक मजकूर म्हणून टाइप करावे. फोटोला पर्यायी मजकूर द्यावा. साइट मोबाइलवर नीट उघडते का ते पाहावे, कारण गुगल आता मोबाइलला मिळणारे पानच सूचीसाठी धरते. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तरी चालतो. फक्त तो व्हॉट्सॲपवर चिकटवताना ‘दापोली’ या सहा चिन्हांची कधी कधी 54 चिन्हांची माळ होते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि प्रत्येक बाइटला टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरे. गुगल मॅपवरची फुकट नोंद तर अशा घराला साइटइतकीच, कदाचित जास्त, उपयोगी. तिथे अंतरही मोजले जाते.

आणि हे सगळे करण्याआधी एक चौकट तपासावी. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये, वाचनाच्या विभागात, शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक खूण असते. साइट तयार होत असताना ती करून ठेवतात आणि काढायला विसरतात. ती राहिली असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया.

पहिल्या क्रमांकाची हमी देणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून वाटेला लावावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच लिहिते. सुधारणांचे फळ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागते, हेही तिथेच लिहिलेले आहे.

तोवर पाहायचे ते गुगलचे सर्च कन्सोल. हे फुकट आहे आणि लोक काय शब्द टाकून आपल्यापर्यंत आले, किंवा आपले नाव पाहूनही आले नाहीत, ते तिथे कळते. ‘आंजर्ले कासव महोत्सव राहणे’ किंवा ‘कुत्रा नेता येईल असे घर दापोली’ असे शोध त्या यादीत निघाले आणि आपल्या पानावर त्याबद्दल चकार शब्द नसला, तर पुढचा परिच्छेद कशावर लिहायचा ते ठरले. या नोंदी 16 महिने राहतात, त्यामुळे यंदाचा मे आणि गेल्या वर्षीचा मे शेजारी ठेवून पाहता येतात. खाते मात्र पहिल्या मेच्या आधी उघडलेले हवे.