ख्रिस्ती उपासना आणि उपभोगसंस्कृती

वस्तू व सेवा यांच्या खरेदीतूनच सुख, प्रतिष्ठा आणि आत्मसिद्धी लाभते असे गृहीत धरणाऱ्या जीवनपद्धतीस उपभोगसंस्कृती म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करमणूक-उद्योग व प्रसारमाध्यमे यांच्या साहाय्याने ती जगभर पसरली व धर्मसंस्थाही तिच्या कक्षेत आल्या. ख्रिस्ती धर्मापुरते पाहिल्यास हा परिणाम उपासनेच्या स्वरूपात आणि श्रद्धावानाच्या आपल्या मंडळीशी असलेल्या नात्यात विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

धर्म आणि बाजार यांचा संबंध मुळात नवा नाही. येरूशलेमच्या मंदिरातून ख्रिस्ताने विक्रेत्यांना व सराफांना घालवून दिल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आला आहे. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जी मते जाहीरपणे मांडली, त्यांना तात्कालिक निमित्त पापक्षमापत्रांच्या विक्रीचेच होते. मुंबईत वांद्रे येथील माउंट मेरीच्या सप्टेंबरमधील जत्रेत नवसाचे मेणाचे हातपाय विकले जातात. मेणबत्त्या, खाऊ व खेळणी यांची दुकानेही लागतात. परंतु जत्रेतील दुकान हे उपासनेच्या शेजारी असते. उपासनाच विक्रेय वस्तू होणे आणि उपासक हा ग्राहक होणे ही गोष्ट निराळी आहे. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी टीका भलत्याच ठिकाणी रोखली जाते.

रंजनाविषयीही असेच म्हणता येईल. मराठी ख्रिस्ती परंपरेने लोकरंजनाच्या प्रकारांचा आरंभापासून मुद्दाम स्वीकार केला. फादर टॉमस स्टीफन्स यांचे सु. अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण (१६१६) हे पुराणश्रवणाची गोडी लागलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठीच रचलेले होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव सांगळे प्रभृतींनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. पूर्वरंग, आख्यान, टाळ व मृदंग ही सारी सामग्री कथेकऱ्यांची. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजने व पदे यांच्याद्वारे या प्रवाहाला काव्याची उंची दिली. पाश्चात्त्य भजनांची भाषांतरे परक्या सुरांवर गाणाऱ्या मंडळींच्या तोंडी त्यामुळे आपली वाणी आली.

दक्षिण महाराष्ट्रातील स्थिती या संदर्भात विशेष बोलकी आहे. कोल्हापूर येथे अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये आले. पुढे हे क्षेत्र अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले आणि त्याची ठाणी कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी, वेंगुर्ले या भागांत पसरली. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत क्षेत्रांची वाटणी करून घेतली होती. अहमदनगर व सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, नासिककडे चर्च मिशनरी सोसायटी, जालन्याकडे स्कॉटिश मिशन असा हा सर्वसाधारण हिशेब होता. परिणामी कोल्हापूर परिसरातील ख्रिस्ती माणूस बहुधा प्रेसबिटेरियन असे, ते त्याने तसे निवडले म्हणून नव्हे, तर तो त्या भागात राहत असे म्हणून. मंडळी त्याला गावाप्रमाणे किंवा भावकीप्रमाणे लाभलेली असे. पाळकाचा उपदेश रटाळ वाटला तरी तो पुढच्या रविवारी तेथेच जाई. या व्यवस्थेत परावलंबन होते व मिशनरी वर्चस्वही होते. तिचा गौरव करण्याचे कारण नाही. पण तीत ग्राहक नव्हता, हे खरे.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन मिशनकालीन विभागणीचा शेवट झाला. मात्र याच सुमारास शहरांत पेंटेकॉस्टल व स्वतंत्र मंडळ्या वाढू लागल्या आणि एकाच शहरात अनेक प्रकारच्या उपासना उपलब्ध झाल्या. निवडीचे स्वातंत्र्य आले, त्याबरोबर तुलना आली. संगीत कोठे चांगले, प्रवचन कोठे आटोपशीर, मुलांची सोय कोठे, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. जुन्या मंडळ्यांनाही मग पेटीच्या जोडीला कीबोर्ड, गिटार व ड्रम आणावे लागले आणि गीतपुस्तकांऐवजी पडद्यावर शब्द दाखवावे लागले.

कोल्हापुरात दृश्यकलेचे वातावरण आधीपासूनच होते. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी व १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी या दोन्ही येथल्याच. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली. भारतीय चित्रपटाच्या उगमाशीच एक ख्रिस्तपट आहे, हा योगायोग लक्षणीय होय. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहत असताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांसमोर कृष्णचरित्र उभे राहिले व त्यातून राजा हरिश्चंद्र (१९१३) पर्यंतचा प्रवास सुरू झाला. पुढे प्रचारकांनीही या माध्यमाचा उपयोग केला. मूळ तेलुगू करुणामयुडु (१९७८) या चित्रपटाची दयासागर ही हिंदी आवृत्ती आणि मराठीसह शेकडो भाषांत ध्वनिमुद्रित झालेला जीझस (१९७९) हे चित्रपट खेडोपाडी कापडी पडद्यावर दाखविले गेले. हे खेळ बहुधा विनामूल्य असत. कीर्तनाशी त्यांचे नाते असले, तरी एक भेद होता : कीर्तनात श्रोता धृपद धरीत असे, येथे तो केवळ पाहत होता.

प्रेक्षकत्वाची ही प्रक्रिया अमेरिकेत फार पुढे गेली. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरेंज येथे उघड्या मोटारचित्रपटगृहात उपासना सुरू केली. लोक मोटारीतच बसून राहत. त्यातून १९८० मध्ये क्रिस्टल कॅथीड्रल हे काचेचे भव्य मंदिर उभे राहिले. २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली व ती वास्तू रोमन कॅथलिक धर्मप्रांताने विकत घेतली. जिम बेकर यांनी दूरचित्रवाणीवरील प्रचाराच्या बळावर दक्षिण कॅरोलायनात हेरिटेज यूएसए हे ख्रिस्ती करमणूक-नगर उभारले; तेथील निवासाच्या हक्कांच्या विक्रीतील फसवणुकीबद्दल त्यांना १९८९ मध्ये शिक्षा झाली. नील पोस्टमन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की दोष एखाद्या प्रचारकाचा नसून माध्यमाचा आहे : ज्या पडद्यावर धर्म दिसतो, त्याच पडद्यावर जाहिराती व विनोद दिसतात आणि त्या जागेला पावित्र्याचा स्पर्श नसतो.

भारतात उपग्रहवाहिन्यांच्या प्रसारानंतर हे कार्यक्रम घरोघरी पोहोचले. त्यांबरोबर ‘समृद्धीची सुवार्ता’ म्हणून ओळखली जाणारी शिकवणही आली. श्रद्धेने दान करणाऱ्यास देव आरोग्य व संपत्ती हमखास देतो, हे तिचे सूत्र. पाश्चात्त्य टीकाकार तिला लोभाचे तत्त्वज्ञान म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द जपून वापरावा लागेल. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे मूळची महार, मांग या तत्कालीन अस्पृश्य जातींतील होत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. मिशनच्या शाळा व रुग्णालये यांचा आधार क्षीण झालेला आणि शासकीय सवलती नाहीत, अशा कुटुंबास नोकरीचे व आजारमुक्तीचे आश्वासन देणारी वाणी जवळची वाटते, ती चैनीच्या हौसेपायी नव्हे. मात्र आश्वासन फळास न आल्यास दोष श्रद्धेच्या उणिवेवर, म्हणजे देणाऱ्यावरच, टाकला जातो आणि तेथे या शिकवणीची निर्दयता उघड होते.

नाताळच्या बाबतीत उलट दिशेचा परिणाम घडला. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक सु. १०·८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एका टक्क्याहूनही थोडे कमी आहेत. सांताक्लॉज, चांदण्यांचे आकाशकंदील व केक यांचा बाजार मात्र त्यांच्या वस्तीपलीकडे सर्वत्र भरतो. सांताक्लॉजचे आजचे गुबगुबीत रूप टॉमस नास्ट यांच्या १८६३ पासूनच्या व्यंगचित्रांतून घडले आणि कोकाकोलाच्या १९३१ पासूनच्या जाहिरातींनी जगभर रूढ केले. सण सर्वांच्या परिचयाचा झाला खरा. पण ज्यांचा तो सण आहे, त्यांची भजने व उपासना शेजाऱ्यांना अपरिचितच राहिली. अल्पसंख्य समाजाची ओळख दुकानाच्या दर्शनी काचेतून होणे ही संमिश्र स्वरूपाची प्राप्ती होय.

गीतांच्या बाबतीत हा बदल मालकीपर्यंत पोहोचला आहे. ऑस्ट्रेलियातील हिलसाँगसारख्या मंडळ्यांची उपासनागीते ध्वनिमुद्रिकांद्वारे जगभर विकली जातात आणि ती मंडळीत गाण्यासाठी परवाना देणाऱ्या व्यापारी संस्था १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत उदयास आल्या. ही गीते बव्हंशी प्रथमपुरुषी व एकवचनी असतात. गायकाच्या आवाजाला व साथीला साजेशी असल्याने समुदायाला ती पेलतातच असे नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत चर्चे बंद राहिली, तेव्हा उपासना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. वृद्ध व आजारी यांना तिचा मोठा आधार झाला, परंतु आवडेल तेवढे पाहून उरलेले पुढे ढकलण्याची सोयही तिने दिली. टिळकांची पदे उपासनासंगीत या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. त्यांना परवाना लागत नाही, साधी पेटी पुरते आणि एकाने कडवे म्हटले, की धृपद सर्वांनी उचलावे अशीच त्यांतील अनेकांची रचना आहे.