ज्या आवाजावर कोलकात्याने हक्क सांगितला

महालया अमावास्या, म्हणजे महाराष्ट्रात जिला सर्वपित्री म्हणतात ती, उजाडण्यापूर्वीच उत्तर कोलकात्यातील आमच्या घरात दिवा लागे. वडील आदल्या रात्री रेडिओ लावून तपासून ठेवत. पहाटे चार वाजता वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा आवाज सुरू होई आणि गल्लीतील प्रत्येक खिडकीतून तोच ऐकू येई.

‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. संहिता वाणीकुमार यांची, संगीत पंकज मल्लिक यांचे, निवेदन व चंडीपाठ भद्र यांचा. ब्राह्मणेतराने चंडीपाठ करावा काय, असा आक्षेप तेव्हा सनातन्यांनी घेतला होता. वादकांत मुसलमान कलावंतही होते. केंद्राने भद्रांना बदलले नाही आणि वादकांनाही नाही. वर्षातील ही एक पहाट सोडली, तर भद्रांचे आयुष्य केंद्राच्या रोजच्या कामात, नाटके बसवण्यात आणि श्रोत्यांशी बोलण्यात गेले. ‘विरूपाक्ष’ या नावाने ते विनोदी लेखनही करीत.

आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, आकाशवाणीने हा कार्यक्रम बाजूला सारून नवा कार्यक्रम बसवला. निवेदनासाठी बंगालचे सर्वांत लोकप्रिय नट उत्तमकुमार आणि संगीताला हेमंत मुखोपाध्याय. त्या पहाटे वडिलांनी थोडा वेळ ऐकून रेडिओ बंद केला. सरकारविरुद्ध बोलण्याचे ते दिवस नव्हते. तरीही कोलकाता संतापले. अखेर आकाशवाणीला मूळ कार्यक्रम परत आणावा लागला. उत्तमकुमारांवर लोकांचे प्रेम कमी नव्हते. पण आपल्याला विचारल्यावाचून आपली पहाट बदलली गेली, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. कोलकात्याच्या श्रोत्यांनी हा दावा एकोणीस वर्षे आधीच कृतीने मांडला होता. २०२३ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जनतेच्या विरोधामुळे स्थगित करावा लागला, तेव्हा मला त्याचीच आठवण झाली.

भद्र १९९१ साली निवर्तले. त्यांचे ध्वनिमुद्रण आजही महालयेला वाजते. परंतु असा आवाज घडण्यासाठी एका माणसाला एका केंद्रावर अनेक दशके राहू द्यावे लागते. आज आकाशवाणीचे बहुसंख्य उद्घोषक नैमित्तिक आहेत. महिन्यात मिळतील तेवढ्या पाळ्यांचे मानधन त्यांना मिळते. प्रसारण धोरणाच्या चर्चेत मनोरे आणि वाहिन्यांची संख्या मोजली जाते. रोज सकाळी गावाशी गावाच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाच्या नोकरीचे काय, हा प्रश्नही त्याच चर्चेत विचारला गेला पाहिजे.