निद्रा आणि अभ्यास

वार्षिक परीक्षा जवळ आली की घरोघरी मध्यरात्रीपर्यंत दिवे जळू लागतात. चहाचे पेले रिकामे होतात, डोळे तांबारतात. आणि जो सर्वांत उशिरा निजतो तोच सर्वांत अभ्यासू, असा समज आम्ही विद्यार्थी उराशी बाळगतो. वेळेवर निजणाऱ्याला मात्र ‘कुंभकर्ण’ ही पदवी ठरलेलीच! निद्रेवरील हा आरोप कितपत न्याय्य आहे, याचा आपण थोडा विचार करू.

सन १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील जेन्किन्स व डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन विद्यार्थ्यांना त्यांनी दहा-दहा निरर्थक अक्षरगट पाठ करावयास दिले. पाठांतरानंतर कधी त्यांना निजू दिले, तर कधी नित्याच्या कामांत जागे राहू दिले. आठ तासांनी पाहावे तो, जागेपणी बहुतेक सारे विसरले जाई. निजून उठल्यावर मात्र कितीतरी अधिक आठवे. पुढील संशोधनाने असे दाखविले की, आपण निजलो तरी मेंदू स्वस्थ बसत नाही. दिवसा मिळविलेले ज्ञान तो रात्री पुन्हा घोळवून पक्के करीत असतो. म्हणजे रात्रभर जागून केलेले पाठांतर हे पेरलेल्या बीवर माती न लोटण्यासारखेच होय.

मग निद्रा किती असावी? तज्ज्ञांच्या मते सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास आणि प्रौढांना किमान ७ तास निद्रा हवी. अंधार पडल्यावर मेंदूतील एका ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवते व ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. किशोरवयात हा स्राव काहीसा उशिरा सुरू होतो. तेव्हा या वयातील मुलाला रात्री लवकर झोप येत नाही, हा सर्वस्वी त्याच्या आळसाचा दोष नव्हे, हे वडीलधाऱ्यांनीही ध्यानी घ्यावे.

सुखनिद्रेचे उपाय साधे आहेत. निजण्याची व उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही फार बदलू नये. चहातील कॅफीन पिणाराच्या रक्तात कित्येक तास रेंगाळते, म्हणून सायंकाळनंतर चहा टाळावा. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा. त्याच्या प्रकाशाने मेलॅटोनिनचा स्राव मंदावतो. सकाळी थोडा वेळ उजेडात फिरावे. अंथरुणावर पुस्तक घेऊन लोळण्याची सवयही बरी नव्हे. अंथरूण निजण्यासाठीच असावे.

रोजचा अभ्यास रोज झाला, तर जागरणाची पाळीच येत नाही. आणि तो राहिलाच असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेल्या चार अधिक पानांपेक्षा ताजेतवाने डोके प्रश्नपत्रिकेपुढे अधिक उपयोगी पडते. यंदा तरी आपण त्या रात्री वेळेवर दिवा मालवू या.