चालता चालता बंद पडणारी गाडी

रविवारी दुकान लवकर वाढवून कुटुंब लग्नसमारंभासाठी निघते. चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटाच्या चढावर गाडी एकाएकी बंद पडते. मागे वाहनांची रांग लागते, मुले घाबरतात. अर्ध्या तासाने किल्ली फिरवताच इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तीच गाडी तासभर बिनतक्रार चालते. मग अंदाजाने एखादा भाग बदलला जातो, बिल चुकते केले जाते आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रसंग ओढवतो.

कायमचा दोष शोधणे सोपे असते, कारण तो समोर दिसतो. अधूनमधून उद्भवणारा दोष मात्र कारागिरासमोर बहुधा लपून राहतो. तो पाहिलेला असतो केवळ गाडी चालवणाऱ्याने. म्हणून अशा दोषाचा शोध गॅरेजमध्ये नव्हे, तर चालकाच्या नोंदीपासून सुरू होतो. तेरीज जुळली नाही, तर कोणताही जाणता व्यापारी फरकाची रक्कम कुठेतरी टाकून वही मिटवत नाही; तो एकेक नोंद तपासतो. येथेही तोच मार्ग हिताचा आहे.

शोधाआधी सुरक्षितता पाहिली पाहिजे. धावती गाडी बंद पडल्यास किल्ली काढू नये, कारण त्यामुळे स्टीअरिंग जखडण्याचा धोका असतो. स्टीअरिंग जड होऊ शकते, तेव्हा ते दोन्ही हातांनी घट्ट धरावे. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरतेच साहाय्य शिल्लक असते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच ठामपणे, दाब न सोडता लावावा. चारही इंडिकेटर लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी. हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावावा आणि प्रवाशांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे.

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीन गोष्टी लागतात. आधुनिक गाडीत त्यांचा हिशेब सेन्सर आणि संगणक ठेवतात. यांपैकी काय तुटले, हे इंजिन कोणत्या रीतीने बंद पडते यावरून बरेचसे कळते. दिव्याचे बटण दाबावे तसे ते क्षणात बंद पडले, तर संशय विद्युत भागांवर जातो: सैल बॅटरी टर्मिनल, अर्थिंगची तार, रिले, इग्निशन स्विच किंवा क्रँक सेन्सर. आचके देत, ताकद गमावत बंद पडले, तर इंधनाचा पंप व फिल्टर आधी पाहावेत. सिग्नलला उभे असताना किंवा एसी लावताच बंद पडत असेल, तर काजळीने माखलेली थ्रॉटल बॉडी किंवा हवेच्या नळीतील गळती हे नेहमीचे कारण असते.

तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होणारी गाडी बहुधा क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा इंधनपंपाकडे बोट दाखवते. गिअरमध्ये गाडी पुढे सरकत असतानाच आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला, तर क्रँक सेन्सरचा संदेश तुटल्याची शक्यता बळावते. पावसात किंवा गाडी धुतल्यानंतरच त्रास होत असेल, तर कॉइल व जोडण्यांमध्ये ओल शिरली आहे का ते पाहावे.

इंधन भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाल्यास पेट्रोलमध्ये पाणी असण्याचा विचार करावा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. पंप इंधन खेचतो तेही तळातूनच. टाकी सतत रिकामी ठेवण्याची सवयही बरी नव्हे, कारण टाकीतील पंपाला भोवतालचे पेट्रोलच थंड ठेवते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत एक सोपी परीक्षा हाताशी असते. काही दिवस केवळ पेट्रोलवर गाडी चालवावी. त्रास फक्त सीएनजीवर होत असेल, तर त्या यंत्रणेचा फिल्टर व रिड्यूसर तपासावा. दोन्ही इंधनांवर होत असेल, तर दोष ठिणगी, हवा किंवा सेन्सर अशा सामाईक भागांत शोधावा.

गाडीत एक छोटी वही ठेवावी. दिनांक, किती वेळ गाडी चालली होती, वेग, उभी की धावती, एसी, इंधन किती होते, कोणता दिवा लागला आणि किती वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली, एवढे लिहावे. चार-पाच नोंदींनंतर सारखेपणा दिसू लागतो.

ही वही घेऊन गाडी स्कॅनरवर तपासावी. त्याआधी बॅटरीची तार काढू देऊ नये. साठलेले दोष-संकेत व त्या क्षणीचे वेग-तापमान पुसले जाण्याची भीती असते. स्कॅनरने क्रँक सेन्सरचा संकेत दाखवला, तरी सेन्सरच बिघडला असे सिद्ध होत नाही. त्याची तार घासलेली किंवा जोडणी गंजलेली असू शकते. चांगला कारागीर इंजिन चालू ठेवून तारा हळूच हलवून पाहतो, इंधनाचा दाब मोजतो, मगच भाग बदलतो.

ग्राहकानेही दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत: कोणत्या चाचणीवरून हा भाग निकामी ठरला, आणि काढलेला जुना भाग परत मिळेल का? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

दुरुस्तीनंतर गॅरेजभोवती मारलेली फेरी पुरेशी नसते. वहीत ज्या परिस्थितीची नोंद आहे, तितकाच वेळ, तितकीच तापलेली, एसी लावलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी. त्या कसोटीला ती उतरली, की मगच मुलाबाळांना घेऊन घाटाची वाट धरावी.